वसाहत रिकामी होत असताना गोळा केलेले फोटो: एका प्रकरणाची पूर्ण हकिकत

पार्श्वभूमी

एका कारखान्याची वसाहत होती. नाव गाव सांगत नाही, तसं सगळ्यांचं आधीच ठरलंय, आणि माणसांच्या तपशिलातही थोडे बदल केलेत. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झालेली, कामगार रिटायर झाले, काही गेले, पण घरं तीच आणि शेजारीपण तेच. तिसरी पिढी तिथेच वाढत होती. मग जागा पुनर्विकासाला गेली आणि वर्षभरात घरं रिकामी करा अशी नोटीस आली. दुसरीकडे घरं मिळणार होती पण सगळ्यांना एकत्र नाही, वेगवेगळ्या टोकांना, म्हणजे शेजार तुटणार हे नक्की.

सामानाची आवराआवर सुरू झाली की काय होतं माहितीये, माळ्यावरचं सगळं खाली येतं आणि निम्मं रद्दीत जातं. एकाने जुना अल्बम रद्दीच्या ढिगात ठेवला, शेजारच्या मुलीने तो उचलला, त्यातले चार फोटो मोबाईलवर काढून वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. हा कोण, ती कोण, मागे दिसतंय ते जुनं गेट का, अशा मेसेजेसचा रात्रीपर्यंत पाऊस. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांनी आपापले फोटो टाकले. तिथून हे सगळं सुरू झालं, कोणी ठरवून प्रकल्प वगैरे काढला नव्हता.

मग पाच सहा जण एकत्र बसले. एक रिटायर फोरमन काका, वसाहतीच्या शाळेत शिकवलेल्या बाई (त्यांना सगळे अजून बाईच म्हणतात, साठीच्या माणसांसकट), युनियनमध्ये आयुष्य काढलेले एक काका, ती अल्बम उचलणारी मुलगी आणि तिचा मित्र. मी बाहेरचा, स्कॅनिंग आणि नोंदींचं थोडं काम केलेलं म्हणून मला बोलावलं.

अडचण नेमकी काय होती

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं स्कॅनर आणायचा, फोटो स्कॅन करायचे, पेन ड्राईव्हवर टाकून वाटायचे, झालं. पण बघायला गेलो तर माल तीन जातीचा निघाला.

पहिला घराघरातला. काळ्या कागदाचे, फोटो कॉर्नर (फोटोचे कोपरे धरून ठेवणारे कागदी त्रिकोण) लावलेले जुने अल्बम, आणि नंतरच्या काळातले ते चिकट पानांवर प्लास्टिक पसरायचे अल्बम. दुसरा कारखान्याच्या ऑफिसातला. तिथे एक फोटोग्राफर नेमलेला होता, त्याचे निगेटिव्ह एका लोखंडी कपाटात पडून होते, आणि कपाट उघडलं की आंबट वास. तिसरा युनियनच्या काकांच्या घरी, एका पिशवीत, मोर्चे, गेट मीटिंग, संपाचे दिवस.

पण खरी अडचण फोटोंची नव्हतीच. फोटोतली माणसं ओळखणारे लोक पंचाहत्तरी, ऐंशीच्या पुढचे होते. त्यातले दोघं तर आम्ही अजून स्कॅनर कुठला घ्यायचा यावर चर्चा करत होतो तेवढ्यात आजारी पडून मुलांकडे दुसऱ्या शहरात गेले. कागदावरचा काळा पांढरा फोटो (त्यातलं चित्र चांदीच्या कणांचं असतं) अजून पन्नास वर्षं टिकेल, नीट ठेवला तर शंभरही टिकतो. त्यात तिसऱ्या रांगेत उजवीकडून दुसरा कोण उभा आहे हे सांगणारी आजी तेवढी थांबणार नाही. या एका गोष्टीवर पुढचे बहुतेक निर्णय फिरले.

कोणते पर्याय होते

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच चालू ठेवायचं, हा एक. फुकट, सगळ्यांना जमतं, उत्साह आपोआप टिकतो. पण व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून छोटा करतं, फाईलच्या आतली माहिती उडवतं, आणि नावं सांगणारे मेसेज दोन दिवसांत गुड मॉर्निंगच्या खाली गाडले जातात. ग्रुपमुळे लोक जमले हे खरं, साठवणीची जागा म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा पर्याय, सगळं एखाद्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला देऊन टाकायचं. तिथे थंड खोली असते, माणसं असतात, ऐकायला छान. पण घरचे अल्बम द्यायला कोणीच तयार नव्हतं, आणि का असावं? आईचा एकुलता एक फोटो कोण देईल. शिवाय अशा संस्था आधी विचारतात की यादी आहे का, हक्क कोणाकडे आहेत, नावं लिहिलीत का. तेच तर आमच्याकडे नव्हतं.

तिसरा, बाहेरच्या एजन्सीकडून स्कॅन करून घ्यायचं. मुलांना हा आवडला होता. फोरमन काका म्हणाले, एजन्सी फाईलला नंबर देईल, नाव कोण देणार? चर्चा तिथेच संपली.

राहिला चौथा. आपणच करायचं, मूळ फोटो घरच्यांना परत द्यायचे, फक्त प्रत आणि माहिती गोळा करायची. वेळखाऊ आणि चुका होणार हे माहीत होतं, पण हाच धरला. काय गोळा करायचं आणि काय नाही हे एकदा कळलं की बरीच भांडणं टळतात. मूळ फोटो आम्ही ठेवणार नाही असं पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितल्यामुळे जी घरं दार उघडत नव्हती तीही उघडली.

निर्णय पहिला: आधी नावं, स्कॅनिंग नंतर

हा सगळ्यात वादाचा होता. तरुण पोरांचं म्हणणं आधी सगळं चांगल्या क्वालिटीत स्कॅन करू, मग निवांत नावं लिहू. नेहमीची पद्धतही तीच. पण एक अल्बम नीट स्कॅन करायला एक अख्खी दुपार जाते, असे अल्बम ढीगभर, आणि ओळखणारी माणसं कमी होत चाललेली.

मग असं ठरलं की पहिली फेरी मोबाईलने. खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाईल फोटोला समांतर धरून पटापट क्लिक, आधी अल्बमचं पूर्ण पान आणि मग एकेक फोटो, शिवाय मागे काही लिहिलं असेल तर मागची बाजू. हे अंतिम स्कॅन नव्हेच, ही फक्त ओळख परेड. ते फोटो मोठ्या कागदावर छापले, प्रत्येक चेहऱ्यावर छोटा नंबर टाकला, आणि ते कागद घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या घरी बसायचं, रेकॉर्डर चालू ठेवून.

फोटो समोर ठेवून मुलाखत घ्यायची ही रीत नवी नाही. जॉन कोलियर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये यावर लिहिलं होतं, की नुसत्या प्रश्नांपेक्षा फोटो दाखवला तर माणसं जास्त नेमकं आणि जास्त वेळ बोलतात. आम्हाला ते रोज दिसत होतं. एका आजोबांना विचारलं कारखान्यातले दिवस कसे होते तर म्हणाले चांगले होते, संपलं. त्याच आजोबांसमोर मशीन शॉपचा फोटो ठेवला तर पाऊण तास बोलले, कुठलं मशीन आवाज करायचं, कोणाचं बोट गेलं होतं, नंतर ते गार्ड कसं लावलं, आणि फोटोत कोपऱ्यात अर्धा दिसणारा मुलगा कोण.

इथे अजून एक गोष्ट लक्षात आली. गटात बसवून विचारलं की मोठ्याने बोलणाऱ्याचं नाव फायनल होतं. तो म्हणतो हा अमुक, बाकीचे माना डोलावतात, आणि नंतर बाहेर पडताना एखादी मावशी हळूच सांगते, अहो तो तो नाहीच, त्याचा धाकटा भाऊ आहे. म्हणून दोन्ही केलं. आधी एकट्याला विचारायचं, मग गटात. बाईंनी नियम घातला की नावाशेजारी ते कोणी सांगितलं हे लिहायचंच, आणि दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही नावं लिहायची, आपण जज व्हायचं नाही. मला सुरुवातीला हे किचकट वाटलं पण पुढे याच रकान्याने खूप वाद वाचवले. कोणी भांडायला आलं की दाखवायचं, हे बघा, तुमच्या काकांनी हे सांगितलंय, तुम्ही वेगळं सांगताय, दोन्ही लिहितो.

कारखान्याच्या ऑफिशियल प्रिंटवर मागे टाईप केलेली कॅप्शन असायची. त्यात पुढच्या खुर्च्यांवरच्या साहेबांची नावं हुद्द्यासकट, आणि मागच्या दोन रांगांना मिळून "व इतर". घरच्या अल्बममध्ये याचा दुसरा प्रकार, बायकांची नावं अमक्याची बायको, तमक्याची आई. बाई अडून बसल्या की बाईचं स्वतःचं नाव मिळाल्याशिवाय नोंद पूर्ण धरायची नाही. त्यामुळे काम लांबलं, हे खरंय. पण पॅकिंग खात्यात आणि पाळणाघरात काम केलेल्या बायका कोण होत्या हे त्यामुळेच कळलं, त्या कारखान्याच्या कुठल्याच स्मरणिकेत नाहीत.

तारखा काढणं हे वेगळंच प्रकरण. लोक वर्ष सांगत नाहीत, "धाकट्याचा जन्म व्हायचा होता तेव्हा" असं सांगतात, आणि खरं तर तेच जास्त भरवशाचं. बाकी वस्तूच बोलते. प्लास्टिकसारखा गुळगुळीत लागणारा, न वळणारा प्रिंट असेल तर तो रेझिन कोटेड कागद, साधारण १९७० च्या आसपास आणि नंतरचा, म्हणजे कोणी तो पन्नासातला म्हणत असेल तर एकतर वर्ष चुकतंय किंवा जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेली प्रत आहे. कातरलेल्या नागमोडी कडांचे छोटे प्रिंट त्याआधीचे. निगेटिव्हच्या कडेला फिल्मचं नाव छापलेलं असतं, कोडॅकच्या काही फिल्मवर तर गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असायच्या ज्यावरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते काढता येतं, फक्त त्या खुणा ठराविक वर्षांनी परत यायच्या म्हणून बाकी पुराव्याशी जुळवून बघावं लागतं.

निर्णय दुसरा: चिकट अल्बम

काळ्या कागदाचे अल्बम जुने म्हणून लोक त्यांना घाबरत होते. खरा धोका त्या नंतरच्या चिकट पानांच्या अल्बमना होता. त्यातला गोंद आणि वरचं प्लास्टिक दोन्ही फोटोला खातं, आणि गोंद जुना झाला की फोटो असा धरतो की ओढला तर वरचा थर फाटतो. त्यात रंगीत प्रिंट असले तर आणखी वाईट. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच रंगीत फोटोंचा निळसर रंग आधी उडतो आणि सगळी माणसं लालसर दिसायला लागतात. आजोबांचा चाळीस सालचा फोटो ठणठणीत आणि नातवाचा पहिला वाढदिवस लाल झालेला, असं घराघरात.

पर्याय दोन. सोडवून काढायचे किंवा पानासकट स्कॅन करायचे. ठरवलं ते असं की जो सहज सुटेल तो सोडवायचा, फोटोखालून बिनमेणाचा, दातांच्या फटी साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) हळूहळू करवतीसारखा फिरवायचा, जरा जरी अडलं तरी थांबायचं आणि पानासकट स्कॅन. काचेला चिकटलेले फ्रेममधले फोटो तर हातच लावायचे नाहीत, काचेसकट. ओलं करून सोडवतो म्हणणारे दोन उत्साही भेटले, त्यांना हात जोडले.

आणि फोटोच्या मागे बॉलपेनने लिहायचं नाही. दाब पुढच्या बाजूला उमटतो, शाई शेजारच्या फोटोवर उतरते. मऊ पेन्सिल, तीही कागदी प्रिंटवर, आणि प्लास्टिकवाल्या प्रिंटवर पेन्सिल उठतच नाही म्हणून तिथे नाव पाकिटावर, फोटो आत घालायच्या आधी.

स्कॅनिंगचं गणित फार वाढवत नाही. प्रिंटला ६०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), अगदी छोट्या प्रिंटला १२००, ३५ मिमीच्या निगेटिव्हला तीन हजाराच्या वर. मूळ फाईल टिफमध्ये (यात फोटोतलं काही गाळलं जात नाही) आणि वाटायला जेपेग (दाबून छोटी केलेली). चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० ला रंगीत स्कॅन केला की २४०० गुणिले ३६०० पिक्सेल, टिफ साधारण २६ एमबीची, म्हणजे हजार फोटोंना २६ जीबी. जागा लागेल म्हणून घाबरलेल्या मंडळींना हा आकडा दाखवला की ती शांत व्हायची. काळा पांढरा फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन केला, कारण डाग, पिवळेपणा, मागची शाई ही पण माहिती असते.

निर्णय तिसरा: ऑफिसातले निगेटिव्ह

तो आंबट वास म्हणजे फिल्मचा अ‍ॅसिटेटचा बेस, ज्यावर चित्राचा थर असतो ती प्लास्टिकची पट्टी, कुजत होता. त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं, आणि ते अ‍ॅसिड परत कुजणं वाढवतं, शिवाय शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही लागतं. फिल्म आकसते, वरच्या थराला सुरकुत्या पडतात. थांबवता येत नाही, थंडीत ठेवून फक्त हळू करता येतं. बंद लोखंडी कपाट आणि उकाडा, म्हणजे नेमकं जे करू नये ते वर्षानुवर्षं झालेलं.

इथे दोन प्रश्न होते आणि दोन्ही घाईचे. एक, कुठले आधी वाचवायचे. रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात, डब्यात ठेवल्या की निळ्याची हिरवी आणि मग पिवळी होते, जितकी पिवळी तितकी हालत खराब. त्या आमच्याकडे यायला वेळ लागणार होता म्हणून नाकाने आणि डोळ्याने तीन ढीग केले. वास नाही आणि सपाट, वास आहे पण सपाट, आणि सुरकुतलेले. लोकांचा ओढा सुरकुतलेल्यांकडे, बिचारे मरतायत म्हणून. आम्ही मधला ढीग आधी घेतला. सुरकुतलेल्यांतून आपल्या साधनांनी फारसं काही निघणार नव्हतं, मधल्यांतून आज निघेल आणि काही वर्षांनी निघणार नाही. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, जरी त्या तिसऱ्या ढिगात कारखान्याच्या अगदी सुरुवातीचे, पाया खणतानाचे फोटो होते आणि फोरमन काका त्यावरून चांगलेच नाराज झाले.

दुसरा प्रश्न मालकीचा. कपाटाची किल्ली वॉचमनकडे होती आणि तो म्हणाला घेऊन जा, इथे कचऱ्यातच जाणार आहे. पण कचऱ्यातून उचललं म्हणून हक्क मिळत नाही. वस्तू हातात असणं वेगळं आणि त्याचा कॉपीराइट असणं वेगळं, आणि पगारी फोटोग्राफरने कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा हक्क बऱ्याच देशांच्या कायद्यात कंपनीकडे जातो. व्हिव्हियन मायर या लोकांची मुलं सांभाळणाऱ्या बाईने हौसेने खूप फोटो काढले होते, तिचं उदाहरण यात सगळ्यांना सांगितलं. शिकागोत २००७ मध्ये लिलावात तिच्या निगेटिव्हचे खोके विकले गेले, घेणाऱ्यांनी ती जगप्रसिद्ध केली, आणि नंतर निगेटिव्ह ज्याच्या हातात त्याचा छापायचा हक्क आहे का यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. म्हणून कंपनीचं कामकाज बघणाऱ्या ऑफिसला पत्र लिहिलं, की निगेटिव्ह सुरक्षित ठेवण्यासाठी हलवतोय, यादी सोबत, सार्वजनिक वापराआधी परवानगी मागू. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं, त्यालाही नाही. मग पोच घेऊन, यादीसकट हलवले, स्कॅन केले, पण ते स्कॅन बाहेर दाखवायचे नाहीत असं ठरलं, फक्त ओळखीसाठी वापरायचे.

काही जणांना हा भित्रेपणा वाटला. असेलही थोडा.

निर्णय चौथा: संपाचे फोटो

युनियनच्या काकांच्या पिशवीत एक फोटो होता. संप चालू असताना गेटमधून आत कामावर जाणारे काही कामगार, बाहेर उभी असलेली गर्दी, चेहरे स्पष्ट. काकांना तो प्रदर्शनात मधोमध लावायचा होता. तो इतिहास आहे, आणि माझं विचाराल तर त्या सगळ्या संग्रहातला सगळ्यात महत्त्वाचा फोटो तोच. पण आत जाणाऱ्यांतल्या दोघांची कुटुंबं अजून वसाहतीत राहत होती आणि त्या गोष्टीवरून दोन पिढ्या त्यांच्याशी काही घरांचं बोलणं नव्हतं.

पर्याय होते. लावायचा, लपवायचा, चेहरे पुसट करून लावायचा, किंवा आधी त्या घरी जाऊन दाखवायचा. चेहरे पुसट करणं मला पटत नव्हतं, त्याने उलट गुन्हेगारासारखं दिसतं, आणि वसाहतीत कोणाला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. शेवटी बाई एकट्याच गेल्या, प्रिंट पाकिटात घालून. एका घरातून साफ नाही आलं. दुसऱ्या घरातल्या आजी फोटो बघून बराच वेळ बोलल्या, त्या वेळी घरात कोण आजारी होतं, पगार थांबला तर काय झालं असतं, हे सगळं रेकॉर्ड करायला परवानगी दिली, आणि म्हणाल्या लावा, पण हे पण लावा. एक हो आणि एक नाही, फोटो मात्र एकच.

तो फोटो प्रदर्शनात लागला नाही. संग्रहात आहे, आजींच्या बोलण्यासकट, आणि ठराविक वर्षं बंद अशी नोंद आहे. काका आठवडाभर बैठकीला आले नाहीत. त्यांचं म्हणणंही नोंदीत लिहिलंय, त्यांच्याच शब्दांत, की हा फोटो का दिसायला हवा.

या प्रसंगानंतर सगळ्या फोटोंना तीन खाने केले. कोणालाही दिसेल, फक्त वसाहतीच्या लोकांना दिसेल, आणि सध्या बंद. अपघाताचे, अंत्ययात्रेचे फोटो घरच्यांनी सांगितल्याशिवाय पहिल्या खान्यात नाहीत. लहान मुलांचे फोटो ती मुलं आता पन्नाशीची असली तरी विचारून.

निर्णय पाचवा: रंग भरायची हौस

मधेच एकाने अ‍ॅपमधून दोन फोटो रंगीत करून ग्रुपवर टाकले आणि मूळ फोटोंना मिळाले नव्हते एवढे लाईक त्यांना मिळाले. मग सगळे मागे, आमचाही करून द्या. अ‍ॅप शर्टाचा रंग अंदाजाने भरतं हे एक वेळ ठीक, पण चेहरा शार्प करतो म्हणून जे करतं त्यात नाक डोळे नवीनच काढून ठेवतं. एका फोटोत मागच्या रांगेतले धूसर चेहरे त्याने इतके छान केले की एका मावशींनी त्यातला एक चुकीचा ओळखला, मूळ प्रिंट दाखवल्यावर म्हणाल्या छे, हा नव्हे. तेव्हापासून नियम, ओळखीसाठी फक्त मूळ स्कॅन. घरी लावायला कोणाला रंगीत हवा असेल तर त्याने खुशाल करावा, संग्रहात येणार नाही.

कुठे ठेवलं

पीटर क्रोघ नावाच्या फोटोग्राफरमुळे रूढ झालेला एक साधा नियम आहे, तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. तोच पाळला. एक हार्ड डिस्क त्या मुलीकडे, एक संच क्लाउडवर, एक डिस्क दूरच्या एका सार्वजनिक वाचनालयात. खरा प्रश्न पासवर्ड कोणाकडे आणि क्लाउडचे पैसे दरवर्षी कोण भरणार हा होता. असे संग्रह बहुतेक वेळा एका उत्साही माणसाच्या लॅपटॉपबरोबर संपतात. म्हणून दोन वेगळ्या घरांतल्या दोन माणसांकडे सगळं लेखी दिलं आणि वाचनालयाशी पानभर करार केला. नावांची यादी साध्या तक्त्यात ठेवली आणि कागदावर छापूनही, कारण सॉफ्टवेअर बदलतात आणि कागद कोणीही वाचू शकतो.

काय झालं शेवटी

घरं रिकामी व्हायच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवस प्रदर्शन झालं. प्रत्येक फोटोखाली मुद्दाम रिकामी जागा आणि पेन्सिल. यूएस काँग्रेसच्या ग्रंथालयाने २००८ मध्ये फ्लिकर या फोटो टाकायच्या वेबसाइटवर जुने फोटो टाकले तेव्हा अनोळखी लोकांनी येऊन नावं, जागा, तारखा सांगितल्या होत्या, हे त्याचंच भिंतीवरचं रूप. पेन्सिलीने आलेली निम्मी माहिती तरी नवीन होती. काही ठिकाणी खोडाखोड आणि भांडण, एका फोटोखाली तर तीन वेगळी नावं, तिन्ही ठामपणे.

गोळा झालेल्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्तीत आता किमान एका माणसाचं नाव आहे. ऑफिसच्या निगेटिव्हचा मधला ढीग बहुतेक स्कॅन झाला. सुरकुतलेला ढीग डबाबंद करून फ्रीजरमध्ये आहे.

वेगळं काय करता आलं असतं

संमतीचा कागद पहिल्या दिवसापासून हवा होता, एका पानाचा, तीन खाने छापलेला. संपाच्या फोटोनंतर तो आला, म्हणून आधीच्या घरांना परत जावं लागलं आणि त्यातली काही तोवर सोडून गेलेली.

बायकांच्या वेगळ्या बैठका फार उशिरा सुरू झाल्या. नवरा शेजारी बसला असेल तर बाई त्याच्याकडे बघून उत्तर देते. त्या वेगळ्या बसल्या तेव्हाच कळलं की बरेच फोटो मुळात त्यांनीच जपले होते, अल्बम कोणत्या क्रमाने लावला आणि कोणाचा फोटो काढून टाकला हेही त्यांनाच माहीत. रिकाम्या फोटो कॉर्नरची गोष्ट त्या सांगू शकल्या असत्या, आम्ही ती जागा नुसती रिकामी म्हणून पुढे गेलो होतो. पूर्ण पानाचे मोबाईल फोटो काढलेले होते म्हणून परत जाऊन विचारता तरी आलं.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. घरं मिळालेली होती ती कायम कामगारांना. कंत्राटी कामगार आजूबाजूच्या वस्त्यांतून यायचे, त्यांच्याकडे कॅमेरे नव्हते, अल्बम नव्हते, आणि वसाहतीच्या ग्रुपवरही ते नाहीत. घरोघरी फिरून फोटो गोळा करायची पद्धत धरली की ज्यांच्या घरी फोटो नाहीत ते आपोआप गळतात. ते दिसतात दुसऱ्यांच्या फोटोत, कडेला, ट्रकवर, पाठमोरे. आता त्या फोटोंचा वेगळा संच छापून ती मुलगी आणि फोरमन काका शेजारच्या वस्त्यांत जायला लागलेत. पहिल्या फेरीत चार जणांची नावं मिळाली, त्यातल्या एकाने स्वतःलाच ओळखलं आणि विचारलं, ह्याची एक कॉपी मिळेल का. ती दिली. कंपनीच्या ऑफिसला तिसरं पत्र गेलंय, कारण हे कामगार सगळ्यात जास्त दिसतात ते त्याच निगेटिव्हमध्ये.